सॉफ्टवेअर मी विकलं, नक्कल गिऱ्हाईकाने केली, मग नोटीस मला का?

ग्राफवाला
नमस्कार मंडळी. मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेक्स्टाईल डिझाईनचं सॉफ्टवेअर विकतो, बसवून देतो, शिकवतो. ज्यांचा मागाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कापड स्कॅनरवर ठेवायचं, सॉफ्टवेअर त्यातले रंग कमी करत आणतं आणि बारीक चौकटींचा ग्राफ तयार होतो. एकेक चौकट म्हणजे ताण्याचा धागा वर राहणार की खाली. आमच्या वडिलांच्या काळी हे काम कागदावर ब्रशने व्हायचं, मग त्यावरून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडायची. आता इलेक्ट्रॉनिक जकार्डला पेनड्राईव्ह लावला की माग सुरू.

तर आमच्या एका गिऱ्हाईकाने दुसऱ्या कारखानदाराच्या टॉवेलचा नमुना उचलला. मधे मोर, काठाला वेल. मोराची मान तेवढी दुसरीकडे वळवली आणि स्वस्तात बाजारात आणला. मूळ कारखानदाराच्या वकिलाची नोटीस दोघांना आली, गिऱ्हाईकाला आणि मला. माझ्यावर आरोप काय, तर 'नक्कल करण्याचे साधन पुरविले'.

अहो, मी साधन पुरवलं. त्याने त्यात कुठला टॉवेल घातला ते मी कसं बघणार? मोठ्या मोठ्या कंपन्यांच्या ॲपवर लोक काय काय करतात, त्यांना कोण विचारतं का? की हे फक्त सोलापूरच्या माणसालाच लागू आहे?

शेंगाचटणी
पहिला! काय बे, नोटीस आली तरी टायटल झकास जमवलंय. आता कोणीतरी येऊन सुरी आणि खुनाचं उदाहरण देणार. त्याने सगळ्यांना पार्क चौपाटीवर भेळ चारायची, आत्ताच ठरवून टाका.

निवृत्त_मास्तर
यात एवढं चर्चा करण्यासारखं काय आहे? सुरी विकणाऱ्याला कोणी खुनाबद्दल धरत नाही.

शेंगाचटणी
मास्तर, भेळ.

कोडकरी
मी मूळचा साखर पेठेतला, सध्या हिंजवडीत. ग्राफवाला, तुमच्या प्रश्नाचं सगळ्यात गाजलेलं उत्तर व्हिडिओ रेकॉर्डरच्या खटल्यात आहे. सोनीने बीटामॅक्स काढला, लोक घरी टीव्हीवरचे कार्यक्रम टेप करायला लागले. युनिव्हर्सल आणि डिस्ने कोर्टात गेले, म्हणाले ही चोरी आहे आणि चोरीचं यंत्र सोनी विकते. १९८४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी सोनीला सोडलं. यंत्राचे भरपूर रास्त उपयोग असतील, तर कोणी गैरवापर करतो एवढ्यावरून बनवणाऱ्याला धरता येत नाही, असा निकाल. तुमच्या सॉफ्टवेअरवर स्वतःचा नमुनाही करता येतोच की. विषय संपला.

अशोकचौककर
पाच विरुद्ध चार म्हणजे एक न्यायाधीश इकडचा तिकडे झाला असता तर विषय उलटा संपला असता.

झेरॉक्सवाला
आमचं दुकान कॉलेजसमोर आहे, त्यामुळे हा धागा मन लावून वाचतोय. पोरं अख्खं पुस्तक आणतात, "काका, स्पायरल करून द्या." प्रत्येकाला लेखकाची परवानगी विचारत बसलो तर दुकान बंद करून शेंगा विकाव्या लागतील. पण दिल्ली युनिव्हर्सिटीतल्या झेरॉक्स दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिजसारखे बडे प्रकाशक कोर्टात गेले होते आणि २०१६ ला दिल्ली हायकोर्टात दुकान जिंकलं, हे मला पक्कं माहीत आहे. कात्रण काउंटरच्या काचेखाली ठेवलंय. मग ग्राफवाल्यांना कशाची भीती?

वकीलबाई
झेरॉक्सवाले काका, कात्रण काढू नका पण त्यावर फार विसंबूही नका. ते दुकान 'आम्ही फक्त मशीन चालवतो' म्हणून सुटलेलं नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिकवण्यासाठी केलेल्या प्रतींना सूट आहे आणि ती सूट अभ्यासक्रमासाठी बांधलेल्या उताऱ्यांना लागू होते असं कोर्ट म्हणालं. मुळात नक्कलच बेकायदा ठरली नाही, त्यामुळे दुकानदाराचा प्रश्न उरला नाही. उद्या कोणी अख्खी कादंबरी पन्नास प्रतींत काढून विकायला ठेवली तर ते कात्रण कामाला येणार नाही.

कोडकरींचा विषयही १९८४ ला संपला नव्हता. त्यावर नंतर येते, आत्ता कोर्टात निघालेय.

झेरॉक्सवाला
कादंबरी नाही ओ ताई, सगळं स्पर्धा परीक्षेचं असतं.

ग्राफवाला
माझा मुद्दा कोणी घेतलाच नाही. मोठ्यांना सूट आणि लहानांना नोटीस, हे आहे की नाही? आयटी कायद्यात कलम ७९ आहे म्हणे, 'आम्ही फक्त मधले' म्हटलं की सुटका. मी पण मधलाच आहे की!

कोडकरी
मोठे कायम सुटतात असंही नाही. २००४ च्या नोव्हेंबरात बाझी डॉट कॉम या लिलावाच्या साइटवर एका विद्यार्थ्याने शाळकरी मुलामुलीची अश्लील क्लिप विकायला टाकली. क्लिप कंपनीने बनवली नव्हती, टाकलीही नव्हती. तरी डिसेंबरात मुख्याधिकारी अवनीश बजाज यांना अटक झाली. साइट तोवर ईबेच्या मालकीची होती, तरी. त्या प्रकरणानंतर जो गदारोळ झाला त्यातून २००८ ची दुरुस्ती आली आणि कलम ७९ आजच्या रूपात आलं. बजाज यांच्यावरचा खटला सुप्रीम कोर्टाने रद्द केला २०१२ मध्ये, तोही कंपनीलाच आरोपी केलं नव्हतं या कारणाने. म्हणजे 'मी मधला' हे पटवायला आठ वर्षं, आणि शेवटी सुटका झाली ती दुसऱ्याच मुद्द्यावर.

निवृत्त_मास्तर
आठ वर्षं! तोवर आपल्याकडे दोन कारखाने उघडून बंद होतात.

मंगळवेढेकर
मी सहसा फक्त वाचतो. पण 'ॲपवर लोक काय काय करतात, त्यांना कोण विचारतं' हे वाक्य वाचून राहवलं नाही.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यात राईनपाडा. आठवडी बाजारात आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना पोरं पळवणारी टोळी समजून जमावाने ठेचून मारलं. मेलेले बहुतेक आमच्या मंगळवेढा तालुक्यातले. पिढ्यान्पिढ्या असेच बाहेर पडून गावोगाव मागून खाणारी माणसं. पोरं पळवणाऱ्यांच्या अफवा महिनाभर व्हॉट्सॲपवर फिरत होत्या.

मारणाऱ्यांवर खटला झाला, ते बरोबरच आहे. पण त्याच महिन्यात सरकारने कंपनीला खडसावलं आणि कंपनीने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पाच माणसं मेल्यावर ते करता आलं. आधी का नाही? मला कायद्याची कलमं कळत नाहीत, पण ज्याच्या हातात ते बटण होतं त्याच्याकडे काहीच जबाबदारी नाही, हे मला पटत नाही.

शेंगाचटणी
🙏 यावर चेष्टा नाही.

चादरवाली
मंगळवेढेकर, तुमच्याशी सहमत. आमच्या गल्लीतल्या ग्रुपवरही तेव्हा ते व्हिडिओ आले होते. सासूबाई पोरांना दारात सोडत नव्हत्या.

कोडकरी
मंगळवेढेकरकाका, तुमचं म्हणणं मनाला लागलं, पण एक अडचण मांडतो. बटण होतं हे खरं. मात्र मजकूर कंपनीलाही वाचता येत नाही, एन्क्रिप्शन आहे. सरकारने २०२१ च्या नियमांत पन्नास लाखांपेक्षा जास्त वापरकर्ते असलेल्या मेसेजिंग सेवांना 'पहिला मेसेज कोणी पाठवला ते सांगता आलं पाहिजे' अशी अट घातली. त्याविरुद्ध व्हॉट्सॲप दिल्ली हायकोर्टात गेलं, म्हणालं असं करायचं तर प्रत्येकाच्याच मेसेजचा माग ठेवावा लागेल. जबाबदारी वाढवायची म्हणजे नजर वाढवायची. तुम्हाला चालेल तुमचे मेसेज कोणी चाळलेले?

मंगळवेढेकर
पाचची मर्यादा घालताना कोणाचा मेसेज चाळला होता का?

सातरस्ता
मंगळवेढेकरांना शंभर मार्क. कोडकरी, यावर बोला.

कोडकरी
नाही चाळला. मान्य. वापर कसा होतो यावर यंत्राची घडण परिणाम करते आणि घडण कंपनीच्या हातात असते. एवढ्यापुरता मी माझा 'विषय संपला' मागे घेतो.

सातरस्ता
घडणीपेक्षाही सोपी कसोटी मला दिसते: गिऱ्हाईक काय करणार हे विकताना माहीत होतं का. पेगॅसस हे फोनमध्ये घुसून हेरगिरी करणारं सॉफ्टवेअर बनवणारी इस्रायली एनएसओ कंपनी वर्षानुवर्षं ग्राफवाल्यांचंच वाक्य बोलत होती. आम्ही फक्त सरकारांना विकतो, ते कोणाचा फोन फोडतात तो त्यांचा प्रश्न. व्हॉट्सॲपने २०१९ मध्ये अमेरिकेत दावा लावला. २०२४ च्या शेवटी न्यायाधीशांनी एनएसओला जबाबदार धरलं आणि मे २०२५ मध्ये ज्युरीने जवळपास १७ कोटी डॉलरची भरपाई आणि दंड ठोकला. दंडाची रक्कम नंतर न्यायाधीशांनी खूप उतरवली, पण जबाबदारी गेली नाही. कारण कंपनी यंत्र देऊन बाजूला झालीच नव्हती, फोडाफोडीची व्यवस्था तीच चालवत होती.

अशोकचौककर
मोराचा टॉवेल ते पेगॅसस! या संस्थळाला तोड नाही.

चादरवाली
थोडं अवांतर लिहिते, कारण रक्त उसळलं. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल, दोन्हीला भौगोलिक मानांकन आहे. तरी ऑनलाइन 'सोलापुरी चादर' शोधा. पानिपतचा माल, वर सिद्धेश्वराचं चित्र, आणि वजन असं की दोन धुण्यांत मच्छरदाणी होईल. आम्ही एका मोठ्या साइटला कळवलं. उत्तर काय? 'आम्ही केवळ विक्रेता आणि ग्राहक यांना जोडणारा मंच आहोत.' आणि खोका त्यांचा, टेप त्यांची, गोदाम त्यांचं, घरी आणून देणारा पोरगाही त्यांचाच!

सातरस्ता
याच्यावर दिल्ली हायकोर्टाचेच दोन सूर आहेत. २०१८ मध्ये लूबुटॅं या चपला-बुटांच्या ब्रँडच्या प्रकरणात एका न्यायमूर्तींनी म्हटलं, की गोदाम, पॅकिंग, जाहिरात असं सगळं करणारी साइट नुसती मधली राहत नाही. २०२० मध्ये ॲमवेच्या दाव्यात खंडपीठाने ॲमेझॉनच्या बाजूने कौल देताना सक्रिय मधला आणि निष्क्रिय मधला असा भेद कलम ७९ मध्ये नाहीच असं सांगितलं.

चादरवाली
म्हणजे आमची चादर दोन्हीकडून ओढणार.

अशोकचौककर
मंडळी, इतका वेळ गप्प बसलो होतो. ग्राफवाला, राग मानू नका, पण होम मैदानावरच्या प्रदर्शनात तुमच्या स्टॉलवरचं पत्रक मी घेतलं होतं. ड्रॉवरमध्ये सापडलं. जसंच्या तसं लिहितो:

"कोणताही टॉवेल दाखवा – दहा मिनिटांत तस्साच ग्राफ!!"

शेंगाचटणी
तस्साच 😂😂 दोन उद्गारचिन्हांसकट!

ग्राफवाला
अहो, मी 'कोणत्याही कापडाचा ग्राफ' एवढंच लिहून दिलं होतं. 'तस्साच' प्रेसवाल्याने वाढवलं.

निवृत्त_मास्तर
प्रूफ कोणी तपासलं?

ग्राफवाला
मास्तर, सीझनमध्ये प्रूफ कोण बघतं.

वकीलबाई
आले. आणि अगदी योग्य वेळी आले असं दिसतंय.

१९८४ नंतरचं राहिलं होतं ते सांगते. २००५ मध्ये त्याच अमेरिकी सुप्रीम कोर्टासमोर ग्रोकस्टर आली, गाणी-सिनेमे फुकट देवाणघेवाण करण्याचं सॉफ्टवेअर. कंपनी बीटामॅक्सचा निकाल छातीशी धरून उभी होती. कोर्टाने एकमताने तिच्या विरोधात निर्णय दिला. सॉफ्टवेअर वाईट आहे म्हणून नाही. कंपनीने नॅपस्टर हे गाणी फुकट देवाणघेवाण करण्याचं आधीचं सॉफ्टवेअर बंद पडल्यावर तिथल्या चोरट्या गिऱ्हाइकांना आपल्याकडे बोलावणाऱ्या जाहिराती आखल्या होत्या म्हणून. यंत्राला दोन उपयोग आहेत हे खरं, पण तुम्ही बोर्ड कुठल्या उपयोगाचा लावलात?

आता आपल्याकडे. ग्राफवाला, कलम ७९ विसरा. ते दुसऱ्याचा मजकूर साठवणाऱ्या, पोचवणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही सॉफ्टवेअर विकून, बसवून आलात, त्या टॉवेलचा फोटो तुमच्या सर्व्हरवरून गेला नाही. शिवाय ज्यांना ते कलम मिळतं त्यांनाही ते बिनशर्त नाही. मदत केली किंवा आमिष दाखवून करायला लावलं तर संरक्षण जातं, असं त्यातच लिहिलंय. आणि कळूनही हटवलं नाही तर जातं. 'कळणं' म्हणजे कोर्टाचा आदेश किंवा सरकारी सूचना, हे सुप्रीम कोर्टाच्या २०१५ च्या श्रेया सिंघल निकालाने ठरवलं.

तुम्हाला लागू आहे तो २००० चा डिझाईन कायदा. कलम २२ लक्ष देऊन वाचा. नोंदणी असलेलं डिझाईन विक्रीसाठी मालावर उतरवणारा दोषी, हे तर झालंच. पण तिथेच पुढे म्हटलंय की ते तसं उतरवता यावं *या हेतूने* काहीही करणाराही दोषी. नोटीस पाठवणाऱ्या वकिलाने तुमचं नाव इथूनच काढलं असणार. 'साधन पुरवलं' एवढं पुरत नाही, हेतू दाखवावा लागतो. आणि हेतू दाखवायला ते पत्रक आहेच.

तीन गोष्टी सांगा. नोटिशीत डिझाईनचा नोंदणी क्रमांक आहे का? त्या टॉवेलचं स्कॅन आणि ग्राफ कोणी केला? आणि गिऱ्हाईकाशी फोनवर काय काय बोलणं झालं?

कोडकरी
ताई, एक शंका. उद्या स्कॅनच नको, नुसतं 'मोराचा टॉवेल काढ' म्हटलं आणि एआयनेच काढून दिला तर? तो मजकूर वापरणाऱ्याचा की कंपनीचा? एक्सच्या ग्रोक या एआयने बायकांचे घाणेरडे फोटो बनवून दिले म्हणून केंद्राने २०२६ च्या सुरुवातीला नोटीस धाडली होती, तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात आहे.

वकीलबाई
कलम ७९ मध्ये 'तिसऱ्याची माहिती' असे शब्द आहेत. जे चित्र कंपनीच्याच यंत्राने जन्माला घातलं ते तिसऱ्याचं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. कंपन्या अर्थातच म्हणतील, की मागणी वापरणाऱ्याने केली. त्यावर वेगळा धागा काढा, मी येते.

ग्राफवाला
ताई, उत्तरं देतो.
नोंदणी क्रमांक नाही. 'आमचे मालकीचे डिझाईन' एवढंच आहे.
स्कॅन आणि ग्राफ गिऱ्हाईकाच्या ऑपरेटरने केला. आमच्या पोराने फक्त पेनड्राईव्ह मशीन घेत नव्हतं ते दुरुस्त करून दिलं.
बोलणं म्हणाल तर गिऱ्हाईकाचा एक व्हॉइस मेसेज आहे: "मालक, समोरच्यासारखा टॉवेल करायचाय, रंग किती ठेवू?" त्यावर मी लिहिलंय, "चार".

शेंगाचटणी
चार!

अशोकचौककर
एका आकड्यात अडकला गडी.

सातरस्ता
मला नाही वाटत अडकला. 'समोरच्यासारखा' म्हणजे त्या धर्तीचा. पूर्व भागात रोज दहा माणसं असं बोलतात. मोर काय कोणा एकाच्या मालकीचा आहे?

निवृत्त_मास्तर
'सारखा' आणि 'तस्साच' एकाच माणसाच्या तोंडी आले की शंका येणारच.

झेरॉक्सवाला
मी आजपासून "किती कॉप्या" एवढंच विचारणार, "कशाच्या" नाही.

वकीलबाई
काका, मुद्दाम डोळे मिटणं हाही बचाव नाही, पण ते राहू दे.

ग्राफवाला, पहिली गोष्ट: तो मेसेज पुसू नका. कोर्टात पुसलेला मेसेज असलेल्या मेसेजपेक्षा महाग पडतो.

दुसरी: नोंदणी क्रमांक नसेल तर कलम २२ उभंच राहत नाही, ते फक्त नोंदणीवाल्यांसाठी आहे. 'मग कॉपीराइट लावतो' असं ते म्हणू शकतील. पण नोंदणी करता येण्यासारखं डिझाईन नोंदवलं नाही आणि मागावरून पन्नासपेक्षा जास्त नग निघाले, की त्याचा कॉपीराइट संपतो, कॉपीराइट कायद्याचं कलम १५(२). जकार्डवर पन्नास टॉवेल निघायला किती वेळ लागतो ते तुम्हीच मला सांगा. नोंदणी असलीच, तर कलम २२ खाली दर वेळेचे पंचवीस हजारांपर्यंत आणि एका डिझाईनमागे जास्तीत जास्त पन्नास हजार, किंवा त्याऐवजी नुकसानभरपाई आणि मनाईचा दावा. मनाई आली तर ती गिऱ्हाईकाला जास्त दुखेल.

तुमच्या वकिलाकडून साधं उत्तर जाऊ द्या: नोंदणीचा तपशील द्या. आणि ती पत्रकं उचला सगळीकडून.

ग्राफवाला
पत्रकं कालच उचलली. प्रेसवाला नवीन छापायचे पैसे मागतोय.

चादरवाली
वकीलताई, आमचाही एक नमुना आहे, गेल्या दिवाळीपासून चाटी गल्लीत दणक्यात चाललाय. आता नोंदवून टाकू का? म्हणजे कोणी उचलायला नको.

वकीलबाई
उशीर झाला. अर्ज करण्याआधी बाजारात आलेला नमुना कायद्याच्या लेखी नवा राहत नाही. नोंदणी चुकून मिळाली तरी ती या कारणाने रद्द होऊ शकते. पुढचा नमुना पहिला तुकडा विकायच्या आधी घेऊन या. दहा वर्षं संरक्षण मिळतं, वर पाच वाढवता येतात.

ग्राफवाला
थांबा थांबा. म्हणजे त्या मोरवाल्यांनी नोंदणी केली असेल, पण टॉवेल आधीच बाजारात आणला असेल, तर? कारण तो मोर मी चांगला दोन वर्षांपासून बघतोय.

वकीलबाई
जुनं बिल असेल कोणाकडे तर शोधा. तारखेसकट. बाकी इथे नको, फोन करा.

शेंगाचटणी
आमच्या घरी आहे की तो टॉवेल. बिल नाही, पण हळदीचा डाग आहे, बहिणीच्या लग्नातला. चालेल का ताई?